उचल आणि परतफेड : प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींविषयी प्रस्तावना

बेंगळुरू शहराच्या दक्षिणेला पसरलेल्या आनेकल तालुक्याच्या एका अंगाला इलेक्ट्रॉनिक सिटी, बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले यांची कारखानदारी आहे, तर दुसऱ्या अंगाला बन्नेरघट्टाचे रान आहे. या रानाला १९७४ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, त्याचे आजचे क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर आहे आणि दक्षिणेकडे ते कावेरी अभयारण्याशी व तमिळनाडूतील रानांशी जोडलेले असल्याने हत्तींची ये-जा त्यातून पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. आनेकलच्या नावाविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे. कन्नडमध्ये ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड, त्यामुळे नाव ऐकणाऱ्याला हत्तीसारखा एखादा खडक डोळ्यांपुढे येतो, परंतु ‘आनेकल्लु’ या जोडशब्दाचा कन्नडमधील अर्थ आकाशातून पडणारी गार असा आहे. नावात हत्ती असो वा नसो, शिवारात तो असतोच. नाचणी, जिला तिकडे रागी म्हणतात, ती कणसाला आली की रात्रीच्या अंधारात हत्ती रानाबाहेर पडतात, फटाके आणि आरोळ्या अंगावर घेत पोटभर खातात आणि उजाडण्यापूर्वी परततात. त्याच तालुक्यात बन्नेरघट्टाचे प्राणी उद्यान आहे, जिथे वाघ, सिंह आणि चितळ रोज माणसांच्या नजरेसमोर जगतात. दरवेशांच्या हातून सोडवलेल्या अस्वलांचे पुनर्वसन केंद्र आहे. आणि गावोगाव पहाटे डेअरीत दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांच्या गोठ्यांत संकरित गाई आहेत. या सर्व प्राण्यांच्या पोटात, मूत्रपिंडांच्या टोकाशी, एक लहानशी ग्रंथीची जोडी आहे, आणि फटाक्याचा आवाज, पिंजऱ्याचे दार, अनोळखी गवळी किंवा उन्हाळ्यातील चाराटंचाई यांपैकी प्रत्येक गोष्टीची नोंद ती आपल्या रासायनिक भाषेत करत असते. ती भाषा वाचायची कशी, आणि वाचताना फसगत कुठे होते, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या ग्रंथीला मराठीत अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. वृक्क म्हणजे मूत्रपिंड आणि त्याच्यावर बसलेली ती अधिवृक्क, एवढाच त्या नावाचा अर्थ असून मूत्र तयार करण्याच्या कामाशी तिचा थेट संबंध नाही. माणसात ती मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली असते, तर चार पायांच्या पुष्कळ प्राण्यांत ती मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकाजवळ, मोठ्या रक्तवाहिन्यांच्या शेजारी, थोडी सुटी आढळते. सस्तन प्राण्याची ही ग्रंथी मधोमध कापली तर बाहेरचा पिवळसर थर आणि आतला गडद गाभा असे दोन भाग साध्या डोळ्यांनीही दिसतात. बाहेरच्या थराला बाह्यक आणि गाभ्याला मध्यक म्हणतात. एका आवरणात राहणाऱ्या या दोन भागांचे मूळ मात्र वेगवेगळे आहे. मध्यकाच्या पेशी गर्भावस्थेत चेतातंतूंच्या कुळातून स्थलांतर करून तेथे आलेल्या असतात, म्हणजे एका अर्थाने त्या शेपूट नसलेल्या चेतापेशीच आहेत. बाह्यकाच्या पेशी त्याउलट पोटातील ज्या ऊतीतून जननग्रंथी घडतात तिच्या शेजारच्या ऊतीतून येतात, आणि म्हणूनच जननग्रंथींप्रमाणे त्याही कोलेस्टेरॉलपासून स्टेरॉइड वर्गातील संप्रेरके तयार करतात. संप्रेरक म्हणजे एका ठिकाणी तयार होऊन रक्तातून दूरच्या अवयवांपर्यंत जाणारे आणि तेथील पेशींना कामाला लावणारे रसायन.

शरीररचनाशास्त्रज्ञांना ही ग्रंथी दिसली तरी तिचे काम शेकडो वर्षे कळले नाही. इटलीतील बार्तोलोमेओ युस्ताकी याने १५६३ साली तिचे वर्णन केले, पण त्यानंतर जवळजवळ तीन शतके ती निरुपयोगी असावी येथपासून ती गर्भातच कामाची असावी येथपर्यंत तर्क होत राहिले. लंडनमधील वैद्य टॉमस ॲडिसन याने १८५५ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले ज्यांची शक्ती हळूहळू ओसरत गेली, कातडी काळवंडली आणि मृत्यूनंतर ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथी नष्ट झालेल्या आढळल्या. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार याने प्राण्यांतील या दोन्ही ग्रंथी काढून टाकल्या असता ते जगत नाहीत असे दाखवले, आणि त्याच वर्षी व्हुल्पियाँ याने ग्रंथीच्या गाभ्यावर लोहाच्या क्षाराचे द्रावण टाकताच तो हिरवट होतो आणि ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या रक्तालाही तोच रंग येतो हे पाहिले. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडते याचा तो पहिला डोळ्यांना दिसणारा पुरावा होता. ते ‘काहीतरी’ शुद्ध स्फटिकरूपात मिळवण्याचे श्रेय अमेरिकेत स्थायिक झालेल्या जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाला आणि त्याचा सहकारी केइझो उएनाका याला जाते. कत्तलखान्यातून आणलेल्या जनावरांच्या ग्रंथींपासून त्यांनी वेगळे केलेले ॲड्रेनॅलिन १९०१ साली जगापुढे आले. शुद्ध स्वरूपात हाती लागलेले ते पहिले संप्रेरक मानले जाते.

ॲड्रेनॅलिनचे काम बहुतेक वाचकांना ऐकून माहीत असते, त्यामुळे त्यावर फार थांबण्याचे कारण नाही. धोका जाणवताच मेंदूकडून निघालेला चेतासंदेश थेट मध्यकापर्यंत पोहोचतो आणि काही सेकंदांत ॲड्रेनॅलिन व त्याचे भावंड नॉरॲड्रेनॅलिन रक्तात मिसळतात. हृदयाचे ठोके वाढतात, श्वासनलिका रुंदावतात, यकृत आपल्या साठ्यातील साखर मोकळी करते आणि आतड्यांकडे जाणारे रक्त स्नायूंकडे वळवले जाते. घोड्यात तर प्लीहा आकुंचन पावून तिच्यात राखून ठेवलेल्या तांबड्या पेशींचा मोठा साठा रक्तात ढकलते आणि दौडीसाठी लागणारा प्राणवायू वाहून नेण्याची सोय होते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन हा क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असताना मांजर चिडले की ती हालचाल थांबते हे त्याच्या ध्यानात आले होते, आणि त्याच निरीक्षणाच्या धाग्याने पुढे जात त्याने १९१५ मध्ये लढा किंवा पळा या तयारीची आपली प्रसिद्ध मांडणी केली. रक्तातील ॲड्रेनॅलिन काही मिनिटांतच नष्ट होते, म्हणून त्याचा अंमल तीव्र असला तरी अल्पजीवी असतो.

गोठ्यातील एक नेहमीचा अनुभव मात्र येथेच नोंदवला पाहिजे, कारण मराठी भाषेने त्याला प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी नाव दिले आहे. गाय पान्हा चोरते असे शेतकरी म्हणतो तेव्हा तो गाईवर लबाडीचा आरोप करतो, परंतु गाईच्या हाती त्यात फारसे काही नसते. कासेला वासराचा किंवा ओळखीच्या हाताचा स्पर्श झाला की मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून ऑक्सिटोसिन सुटते आणि ते दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीच्या पेशींना आकुंचित करून दूध खाली आणते, यालाच पान्हा फुटणे म्हणतात. एली आणि पीटरसन या संशोधकांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाईच्या पाठीवर मांजर ठेवून आणि कागदी पिशव्या फोडून तिला बुजवले असता दूध उतरणे थांबले, आणि ॲड्रेनॅलिन टोचल्यावरही तसाच परिणाम दिसला. भ्यालेल्या गाईच्या कासेतील रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि ऑक्सिटोसिन आपल्या जागी पुरेसे पोहोचत नाही किंवा मेंदूकडून पुरेसे सुटतही नाही. दूध काढताना ओरडू नये, नवा माणूस धारेला बसवू नये, ही गोठ्यातील जुनी शिस्त म्हणजे अधिवृक्क ग्रंथीला जागे न करण्याचीच शिस्त आहे.

बाह्यकाचा कारभार याहून संथ, खोल आणि समजायला अवघड आहे. त्याचे तीन पदर असून सर्वांत बाहेरचा पदर अल्डोस्टेरॉन, मधला सर्वांत जाड पदर कॉर्टिसॉल किंवा कॉर्टिकोस्टेरॉन आणि आतला पदर पुरुषी संप्रेरकांचे काही पूर्वगामी पदार्थ तयार करतो, मात्र तिसऱ्या पदराचे महत्त्व प्राण्याप्राण्यांत फारच वेगवेगळे आहे. हत्ती, गाय, कुत्रा, वाघ आणि माणूस यांच्यात मुख्यतः कॉर्टिसॉल असते. उंदीर, पक्षी आणि सरडे यांच्यात त्याची जागा कॉर्टिकोस्टेरॉन घेते. मधल्या पदराला आज्ञा देणारी साखळी मेंदूतील हायपोथॅलॅमसपासून सुरू होते: तेथून सुटलेले एक संप्रेरक पोष ग्रंथीला जागे करते, पोष ग्रंथी एसीटीएच नावाचे दुसरे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते अधिवृक्क बाह्यकापर्यंत पोहोचल्यावर कॉर्टिसॉलची निर्मिती वाढते, कॉर्टिसॉल पुरेसे झाले की ते उलट मेंदूलाच थांबण्याची सूचना देते. या सर्व फेऱ्यांना काही मिनिटे लागतात, आणि म्हणूनच पकडलेल्या पक्ष्याचे रक्त पहिल्या तीन मिनिटांत काढले तर त्यात शांत अवस्थेतील पातळी मिळते, नंतर काढले तर पकडल्याची भीतीच मोजली जाते, असा क्षेत्र-अभ्यासकांचा दंडक आहे. कॉर्टिसॉल पेशीत शिरून तिच्या जनुकांच्या वाचनातच फेरबदल घडवते, त्यामुळे त्याचा पूर्ण परिणाम दिसायला तास लागतात आणि ओसरायलाही वेळ लागतो.

कॉर्टिसॉल नेमके काय करते हे सांगताना उसाच्या फडातील उचलीची उपमा उपयोगी पडेल. ऊसतोड कामगार हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतो, आजची नड भागते, आणि तिची परतफेड पुढच्या महिन्यांच्या अंगमेहनतीतून होते. कॉर्टिसॉलही शरीराला अशीच उचल मिळवून देते: स्नायूंतील प्रथिने मोडून यकृतात साखर तयार करवते, चरबी मोकळी करवते, दाह आणि रोगप्रतिकाराचा खर्च आवरते, वाढ आणि प्रजनन पुढे ढकलते. दुष्काळात, पाठलागात, आजारात हीच उचल प्राण्याचा जीव वाचवते. उचल फेडण्याची संधीच मिळाली नाही, म्हणजे एक संकट संपण्यापूर्वी दुसरे उभे राहत गेले, तर मात्र तेच संप्रेरक स्नायू झिजवते, जखमा भरू देत नाही आणि माजाचे चक्र बिघडवते. हान्स सेल्ये याने १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकातील आपल्या छोट्या पत्रात थंडी, इजा, अतिश्रम अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या आघातांनी उंदरांत एकच चित्र दिसते हे मांडले: अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, थायमस ग्रंथी आकसलेली आणि जठरात व्रण. ‘ताण’ या शब्दाचा शरीरशास्त्रातील प्रवास तेथून सुरू झाला, आणि त्या शब्दाने जितके समजावले तितकेच गोंधळातही टाकले, कारण वाचक ताण म्हणजे दुःख असे धरून चालतो आणि ग्रंथी मात्र दुःखाची नव्हे तर खर्चाची नोंद ठेवत असते. समागमासाठी धडपडणाऱ्या नराचेही कॉर्टिसॉल वाढते. ऑस्ट्रेलियातील अँटेकिनस नावाच्या उंदरासारख्या शिशुधानी प्राण्यात ही उधळपट्टी इतक्या टोकाला जाते की एकाच प्रजनन-हंगामानंतर सगळे नर मरून जातात.

अल्डोस्टेरॉनचे क्षेत्र मिठाचे आहे. ते मूत्रपिंडाला सोडियम राखून ठेवायला आणि पोटॅशियम बाहेर टाकायला लावते, आणि गवत व पाला यांत पोटॅशियम भरपूर पण सोडियम अगदी थोडे असल्याने तृणभक्षी प्राण्यांचे जगणे या संप्रेरकावर विशेष अवलंबून असते. हत्ती खारी माती शोधत जातात आणि गोठ्यात चाटण वीट टांगली जाते ती याच कारणाने. येथे एक पेच निसर्गाला सोडवावा लागला आहे. अल्डोस्टेरॉनचे कुलूप कॉर्टिसॉलच्या किल्लीनेही उघडते आणि रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी अधिक असते, म्हणून मूत्रपिंडाच्या पेशींत एक विकर आधी कॉर्टिसॉलला निष्क्रिय करून टाकते. ज्येष्ठमधातील एक घटक नेमका याच विकराला अडवतो, त्यामुळे ज्येष्ठमध दीर्घकाळ आणि भरमसाट खाल्ले तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते.

जन्माच्या वेळी या ग्रंथीने बजावलेली कामगिरी विशेष विस्मयकारक आहे. न्यूझीलंडमधील ग्रॅहॅम लिगिन्स याने १९६० च्या दशकात मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांतून असे दिसले की गर्भातील कोकराची पोष ग्रंथी नष्ट केली तर दिवस भरूनही मेंढी वीत नाही, आणि उलट कोकराला एसीटीएच किंवा कॉर्टिसॉल दिले तर ती वेळेपूर्वीच विते. म्हणजे जन्माचा मुहूर्त आई नव्हे तर कोकराची अधिवृक्क ग्रंथी काढते. अशा अकाली जन्मलेल्या कोकरांची फुप्फुसे अपेक्षेपेक्षा चांगली फुगलेली पाहून लिगिन्सला जे सुचले त्यातून १९७२ साली हॉवी या सहकाऱ्याबरोबर केलेली मानवी चाचणी प्रसिद्ध झाली, आणि दिवस भरण्यापूर्वी बाळंत होऊ घातलेल्या स्त्रियांना स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची आज जगभर रूढ असलेली पद्धत तिच्यातून आली. शेवटच्या महिन्यांतील गाभण गाईला डेक्सामेथासोन टोचण्याआधी पशुवैद्य दोनदा विचार करतो त्याचेही मूळ येथेच आहे, कारण ते कृत्रिम कॉर्टिसॉल गर्भाचा निरोप समजले जाऊन गाय अवेळी विऊ शकते.

बाह्यक बाहेर आणि मध्यक आत ही मांडणी सर्व पृष्ठवंशी प्राण्यांत नाही. माशांमध्ये या दोन प्रकारच्या पेशी मूत्रपिंडाच्या पुढच्या भागात विखुरलेल्या असतात, पक्ष्यांत त्या एकमेकींत मिसळलेल्या आढळतात, आणि सस्तन प्राण्यांतच एकीने दुसरीला पूर्ण वेढलेले दिसते. या वेढ्याला अर्थ आहे. बाह्यकातून कॉर्टिसॉलने भरलेले रक्त मध्यकात उतरते आणि तेथे नॉरॲड्रेनॅलिनचे ॲड्रेनॅलिनमध्ये रूपांतर करणारे विकर तयार होण्यास त्या कॉर्टिसॉलची गरज असते. घाईचा कारभार अशा रीतीने संथ कारभाराच्या जिवावर चालतो.

रानातील हत्तीचे रक्त काढायचे तर त्याला बेशुद्ध करावे लागते, आणि त्या खटाटोपात जे मोजायचे तेच बदलून जाते. यावर शोधलेला उपाय म्हणजे लीद. कॉर्टिसॉलचे यकृतात विघटन होऊन त्याचे अवशेष पित्तावाटे आतड्यात येतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात, त्यामुळे आजच्या लिदीत साधारण एक-दोन दिवसांपूर्वीची सरासरी स्थिती साठलेली असते आणि क्षणिक चढउतार पुसले गेलेले असतात. लीद ताजी असावी लागते, कारण जिवाणू अवशेषांचे स्वरूप बदलतात. ती लगेच गोठवावी लागते. आणि वापरायची चाचणी त्या जातीच्या प्राण्यात खरोखर अधिवृक्क ग्रंथीचेच काम मोजते की नाही हे आधी तपासावे लागते. दोन जातींचे आकडे शेजारी ठेवून वाघ हत्तीपेक्षा अधिक त्रासात आहे असे म्हणणे सर्वथा चुकीचे आहे.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संजीता शर्मा पोखरेल, पोलाणी शेषगिरी आणि रामन सुकुमार यांनी हीच पद्धत दक्षिण भारतातील मुक्त हत्तींवर वापरली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कोरड्या ऋतूत, बरगड्या आणि कंबरेची हाडे दिसू लागलेल्या कृश हत्तींत, हे अवशेष अधिक आढळले, आणि ते अपेक्षेप्रमाणेच होते. २०१९ च्या निष्कर्षाने मात्र पुष्कळांना विचारात पाडले. हासन भागात पिकांत शिरणारे हत्ती आणि नागरहोळे व बंडीपूरच्या संरक्षित रानांतील हत्ती यांची तुलना केली असता, ज्यांच्यामागे माणसे फटाके घेऊन धावतात त्या हत्तींच्या लिदीतच अवशेष कमी निघाले आणि त्यांची अंगकाठीही चांगली भरलेली होती. माणसांच्या गराड्यातील हत्ती त्रासलेला असणार ही समजूत येथे अडखळते. पिकांतील सकस आहार हा उचल घेण्याची गरजच कमी करत असावा असे अभ्यासकांचे अनुमान आहे. याचा अर्थ फटाके हत्तीला सुखावतात असा नक्कीच नाही. फटाक्याच्या क्षणी मध्यकाने काय केले ते लिदीत उतरत नाही, आणि पीक खाण्याच्या वाटेवर विजेच्या तारेला चिकटून मेलेला हत्ती नमुना द्यायला उरत नाही. आनेकलच्या हत्तींना हासनचा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे उचित नाही, तरी रागीच्या शेतात उतरणाऱ्या नराचा हिशेब मांडताना भीती आणि भूक ही दोन खाती स्वतंत्र ठेवली पाहिजेत एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

बंदिवासातील प्राण्यांविषयी हीच सावधगिरी उलट दिशेने पाळावी लागते. नाकातून दोर ओवून नाचवली जाणारी अस्वले दरवेशांकडून सोडवून आणण्याच्या मोहिमेत, अखेरचे समजले गेलेले अस्वल २००९ च्या डिसेंबरात बन्नेरघट्टाच्या केंद्रात दाखल झाले. अशा प्राण्याच्या विष्ठेत पुढे अवशेषांची पातळी कमी आढळली तर तो निवांत झाला असे लगेच म्हणता येत नाही, कारण दीर्घकाळ ताणलेली यंत्रणा कधीकधी थकून मंदही पडते. त्याच्या डोके हलवत राहण्याच्या सवयी, वजन, झोप आणि खाणे यांची जोड असल्याशिवाय आकडा मुका राहतो. अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांतील ढगाळ बिबट्यांवर २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंच पिंजऱ्यांतील जनावरांत अवशेष कमी आढळले, आणि उंची, आडोसा, शेजारी कोणता शिकारी प्राणी ठेवला आहे अशा साध्या बाबी औषधांइतक्याच मोलाच्या आहेत याकडे व्यवस्थापकांचे लक्ष गेले.

हिवाळ्यातील पहाटे आनेकलच्या वनक्षेत्रात रानाच्या कडेने चालणाऱ्या अभ्यासकाला लिदीचा पो सापडतो तेव्हा तो प्रथम हातमोजा चढवून लीद मधून फोडतो, निरनिराळ्या भागांतून चिमटी-चिमटी घेऊन नमुना भरतो आणि बाटलीवर दिनांक, वेळ व जागा लिहितो. त्यानंतर उरलेली लीद तो काठीने पसरून पाहतो, कारण तिच्यात बांबूचे धागे आहेत, सालीचे तुकडे आहेत की रागीचे न पचलेले दाणे आहेत हे तेथेच टिपून ठेवावे लागते. प्रयोगशाळेतून काही आठवड्यांनी येणारा आकडा त्या नोंदीशेजारी ठेवूनच वाचला जातो.